डिग्रीचा एक रकाना, नऊ फायली

दूध संकलन केंद्रावर लॅक्टोमीटरच्या आकड्याला ‘डिग्री’ म्हणतात. आमच्या संगणक प्रणालीत लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) नोंदवायची सोय पहिल्यापासून होती. डिग्री नव्हती, कारण दूध तपासायचं मशीन एसएनएफ थेट देतं. पण लाइट गेली किंवा मशीन रुसलं की केंद्रचालक लॅक्टोमीटर बुडवतो, डिग्री बघतो आणि तक्त्यावरून एसएनएफ काढतो. संस्थेच्या सचिवांचं म्हणणं एवढंच होतं, “आकडा कशावरून काढला ते दिसू दे की कुठंतरी.”

रास्त मागणी. टेबलात एक रकाना वाढवायचा, फॉर्मवर एक चौकट. आमच्यातल्या सगळ्यांत नव्या मुलीकडे काम दिलं, अर्ध्या दिवसाचं आहे असं सांगून. तिसऱ्या दिवशी तिची पुल रिक्वेस्ट (केलेले बदल तपासायला पाठवणं) आली, तर त्यात नऊ फायली बदललेल्या. डेटाबेसचं मायग्रेशन (टेबलाची रचना बदलणारी स्क्रिप्ट), टेबलाच्या ओळीचा टाइप (कोणत्या रकान्यात कोणत्या प्रकारचा माल, याचं वर्णन), येणाऱ्या रिक्वेस्टचा टाइप, ती रिक्वेस्ट तपासणारं फंक्शन, नवी नोंद करणारा हँडलर (रिक्वेस्ट आली की चालणारं फंक्शन), नोंद दुरुस्त करणारा हँडलर, ओळीचं उत्तरात रूपांतर करणारं फंक्शन, ब्राउझरकडे त्याच उत्तराचा पुन्हा लिहिलेला टाइप आणि शेवटी तो फॉर्म. तिनं काही वावगं केलं नव्हतं. आमच्या मांडणीत रकाना असाच वाढवावा लागायचा.

आणि इतकं करूनही एक जागा राहिलीच होती. दुरुस्तीच्या वेळी कोणते कॉलम बदलता येतील याची एक यादी भलत्याच फायलीत पडून होती. तिच्यात डिग्री नव्हती. म्हणजे नवी नोंद करताना डिग्री जायची, दुरुस्ती करताना मुकाट्यानं गळायची. कंपाइलर, म्हणजे चालवण्याआधी कोड तपासणारा प्रोग्रॅम, हूं की चूं करेना, कारण तो रकाना ऐच्छिक होता.

मी रिव्ह्यूत “यादी राहिली” एवढंच लिहिलं. तिनं उलट विचारलं, “सर, सगळीकडे टाइप आहेत म्हणता, मग हे मला टाइपनं का नाही सांगितलं?” हे सगळं प्रकरण तिच्या त्या प्रश्नातून निघालं.

चाळीसात तीन ओळी दुधाच्या

आधी मांडणी सांगतो. सर्व्हर नोडवर (म्हणजे सर्व्हरवर चालणारी जावास्क्रिप्ट), त्यावर एक्सप्रेस ४ हे फ्रेमवर्क. डेटाबेस पोस्टग्रेस. कार्यालयातला स्क्रीन रिअ‍ॅक्टचा. दोन्हीकडे टाइपस्क्रिप्ट, म्हणजे टाइप जोडलेली जावास्क्रिप्ट, तेही कडक सेटिंग लावून. केंद्रावर मात्र अँड्रॉइड ॲप, कोटलिनमधलं, दुसऱ्या चमूनं लिहिलेलं. हा शेवटचा तपशील पुढे महत्त्वाचा ठरला.

दूध नोंदीचा हँडलर उघडून बघितला तर साधारण चाळीस ओळी. पहिली ओळ ‘ट्राय’, म्हणजे आत काही फुटलं तर शेवटच्या ‘कॅच’नं पकडायचं. मग टोकन, म्हणजे माणसाची ओळखचिठ्ठी, आहे का? नसेल तर ४०१ (हे आकडे म्हणजे सर्व्हरनं उत्तरासोबत द्यायचे ठरलेले क्रमांक). टोकन उलगडून माणूस कोण, तो याच केंद्राचा आहे का? नसेल तर ४०३. मग सभासद क्रमांक आला का, लिटर आलं का, फॅट आलं का, अशी एकेक तपासणी आणि प्रत्येकीखाली ४००. एवढं झालं की आलेल्या मालाला ‘ॲज’ लावून नोंदीचा टाइप चिकटवलेला. मग खरं काम: दरपत्रक शोध, रक्कम काढ, ओळ घाल. त्यानंतर ओळीचं उत्तर बनव, २०१ पाठव, आणि शेवटी ‘कॅच’मध्ये लॉग आणि ५००.

चाळीसातल्या तीन ओळी दुधाच्या. बाकीच्या ओळी प्रत्येक हँडलरमध्ये त्याच. मंगलाष्टकं जशी दर लग्नात तीच, नवरा-नवरी तेवढे वेगळे. असे तेवीस हँडलर आमच्याकडे होते.

नुसतं टायपिंग जास्त होतं म्हणून कुणी मरत नाही. शिवाय एडिटर अर्ध्या ओळी स्वतःच पुऱ्या करतो. त्रास दुसऱ्या बाजूनं होता. एक्सप्रेस ४ मध्ये असिंक (डेटाबेससारख्या कामाची वाट बघत चालणाऱ्या) हँडलरच्या आत काही फुटलं आणि तुम्ही ते पकडलं नाही, तर एक्सप्रेसला त्याचा पत्ताच लागत नाही. नोड १५ पासून तर अशी न पकडलेली चूक पूर्ण प्रोसेस पाडते. तेवीसांपैकी एका हँडलरमध्ये ‘ट्राय’ राहून गेला होता. एका केंद्रचालकानं चुकीचा सभासद क्रमांक टाकला की सगळ्या तालुक्याचा सर्व्हर पडायचा आणि दोन सेकंदांत परत उभा राहायचा. आम्ही कित्येक दिवस होस्टिंगवाल्यांना शिव्या घालत होतो. एक्सप्रेस ५ मध्ये, जी २०२४ साली आली, हे भोक बुजवलंय. पण आमच्या वेळी ते उघडंच होतं.

आता त्या ‘ॲज’कडे या. ‘ॲज’ म्हणजे कंपाइलरला सांगणं की मी म्हणतो म्हणून मान. तो मानतो. टाइपस्क्रिप्ट २०१२ साली मायक्रोसॉफ्टनं बाहेर आणली, आणि तिच्या आखणीच्या टिपणात स्वच्छ लिहिलंय की चालत्या प्रोग्रॅममध्ये टाइपची माहिती वागवणं हे तिचं उद्दिष्ट नाही. जावास्क्रिप्ट बनताना सगळे टाइप पुसले जातात. आमच्या नव्या सहकारिणीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हेच आहे. नेटवर्कवरून आत येणाऱ्या मालाला टाइप नसतो, आम्ही त्याच्या गळ्यात पाटी अडकवलेली असते. डेटाबेसकडून येणाऱ्या मालाचंही तसंच, हे मात्र आम्हाला वेगळ्या मार्गानं कळलं.

१२८ लिटर

डिग्रीच्याच आठवड्यात एका गावातून फोन आला. दोन गाईंचा मालक असलेल्या एका सभासदाच्या नावावर एका दिवसात १२८ लिटर दूध दिसत होतं. सकाळी १२ आणि संध्याकाळी ८. म्हणजे २० हवेत.

पोस्टग्रेसमध्ये लिटरचा कॉलम ‘न्यूमेरिक’ होता. नोडमधला पोस्टग्रेसचा ड्रायव्हर न्यूमेरिकची किंमत संख्या म्हणून देत नाही, मजकूर म्हणून देतो. त्यामागे कारण आहे: जावास्क्रिप्टच्या संख्येत दशांश जसाच्या तसा मावेलच याची खात्री नाही. आमच्या ओळीच्या टाइपात मात्र ‘लिटर: संख्या’ असं ठोकून लिहिलेलं, आणि क्वेरीला तो टाइप नुसता कोनी कंसात दिला की ड्रायव्हर आणि कंपाइलर दोघेही मान डोलावतात. मग बेरीज शून्यापासून सुरू होते. शून्य अधिक “१२” म्हणजे “०१२”. त्यात “८” जोडलं की “०१२८”. पुढे दोन दशांशांपर्यंत आणायला शंभरनं गुणून, पूर्णांक करून, परत शंभरनं भागलेलं. गुणाकारात जावास्क्रिप्ट मजकुराची गपचूप संख्या करते. स्क्रीनवर १२८.

हा आकडा निदान हास्यास्पद तरी होता. सकाळी १२.५ आणि संध्याकाळी ८ असतील, तर उत्तर येतं १२.५८. हे कुणाच्या डोळ्यावर येणार? सकाळी १२.५ आणि संध्याकाळी ८.५ असतील तर मजकूर होतो “०१२.५८.५”, ती संख्याच नव्हे, मग गुणाकारातून ‘संख्या नाही’ असं उत्तर निघतं, जेसन (नेटवर्कवरून पाठवायचा मजकूर) करताना त्याचं ‘नल’, म्हणजे रिकामं, होतं आणि स्क्रीनवर नुसती रेघ. अशा रेघांच्या तक्रारी आम्ही आधी “नेट हळू असेल” म्हणून उडवून लावल्या होत्या. खरंच उडवून लावल्या होत्या.

मजा अशी की बाकी सात हँडलरमध्ये हा दोष नव्हता. तिथे कुणीतरी कधीतरी ठेच खाऊन प्रत्येक ठिकाणी मजकुराची संख्या करायची ओळ लिहून ठेवली होती. आठवा हँडलर, हा दैनिक अहवालाचा, नवा होता आणि लिहिणाऱ्याला ती ओळ माहीत नव्हती. ती ओळ सात ठिकाणी होती, पण नियम म्हणून कुठेच लिहिलेली नव्हती.

तेव्हा आम्ही पुनरावृत्तीकडे बघायची नजर बदलली. ओळी किती वेळा येतात हे मोजणं सोडलं. एकच गोष्ट, म्हणजे ‘लिटर म्हणजे काय’, ‘डिग्री ऐच्छिक आहे का’, ‘दिवस कधी बदलतो’, किती जागी वेगवेगळी सांगितली आहे, ते मोजायला लागलो.

पहिला उपाय: कारखाना

हे शहाणपण मात्र लगेच सुचलं नाही. पहिला उपाय आमच्यातल्या सर्वांत अनुभवी माणसानं, म्हणजे मी, काढला आणि तो साफ चुकीचा होता.

मी एक कारखाना बांधला. टेबलाचं नाव आणि कॉलम द्या, यादी, एक नोंद, नवी नोंद, दुरुस्ती, पुसणं असे पाचही हँडलर तयार होऊन बाहेर. पहिल्या आठवड्यात गाव, केंद्र आणि सभासद ही तीन टेबलं त्यातून काढली. शेकड्यांनी ओळी उडाल्या. मी खूश.

मग दूध नोंदीचं टेबल आलं. नोंद पुसता येत नाही, कारण देऊन रद्द करता येते. म्हणून ‘पुसणं नको’ असा एक पर्याय वाढला. दुरुस्ती होते, पण दहा दिवसांचं बिल कुलूपबंद होईपर्यंतच. म्हणून ‘आधी हे चालव’ असा हूक आला. रद्द केलं की रक्कम परत काढायची, म्हणून ‘नंतर हे चालव’ असा हूक. यादी केंद्रापुरती, पण सचिवाला सगळी. मग त्यासाठी एक पर्याय. पाचव्या आठवड्यात त्या कारखान्याला अकरा पर्याय होते, आणि आतल्या टाइपांची गुंतागुंत मलाच न झेपल्यामुळे तीन ठिकाणी मी ‘एनी’ (म्हणजे कुठलाही टाइप चालेल) लिहून मोकळा झालो होतो. ज्या टाइपांसाठी हे चाललं होतं तेच मधोमध तुटले.

शेवटचा घाव बिलाच्या कुलपावर बसला. एकगठ्ठा नोंदी आयात करायची वाट कारखान्यात नंतर जोडली होती. ती ‘आधी’चा हूक चालवतच नव्हती. चाचणी सर्व्हरवर बंद बिलात नोंदी शिरलेल्या दिसल्या. खऱ्या सर्व्हरवर गेलं नाही हे नशीब. मी कारखाना काढून टाकला.

माझी चूक कशात होती? गाव आणि दूध नोंद यांच्या हँडलरमधल्या ओळी सारख्या दिसत होत्या, म्हणून मी दोघांना एका साच्यात कोंबलं. सारखे होते ते विधी: टोकन, परवानगी, तपासणी, चूक पकडणं. काम वेगळं होतं. सुरी विधी आणि काम यांच्या मधून चालवायला हवी होती. मी ती टेबलाभोवती फिरवली.

दुसरा उपाय: साठ ओळी

दुसऱ्या वेळी आम्ही फ्रेमवर्क बांधायला बसलोच नाही. साठेक ओळींचं एकच फंक्शन लिहिलं. त्याला चार गोष्टी द्यायच्या: हे काम कुणाला करता येतं, आत काय येतं याची स्कीमा (मालाचा नमुना, त्यावरून तपासणी होते), बाहेर काय जातं याची स्कीमा, आणि काम करणारं फंक्शन. टोकन ते बघतं, परवानगी ते बघतं, माल स्कीमेतून गाळून आत देतं, फुटलं तर पकडून योग्य क्रमांकाचं उत्तर देतं. काम करणाऱ्या फंक्शनला रिक्वेस्ट आणि रिस्पॉन्स दिसतच नाहीत. त्याला दिसतो माणूस आणि तपासलेली नोंद. ते किंमत परत करतं, बस.

पुसायचं नसेल तर पुसण्याचा हँडलर लिहायचा नाही. कारखान्यात त्यासाठी पर्याय लागत होता, इथे तो प्रश्नच उरला नाही.

स्कीमेसाठी झॉड वापरलं. कोलिन मॅक्डॉनेल यांची ही लायब्ररी २०२० पासूनची. तिची गोम अशी की स्कीमा हे चालत्या प्रोग्रॅममधलं खरं ऑब्जेक्ट असतं, पुसलं जात नाही, आणि टाइपस्क्रिप्टचा टाइप त्याच ऑब्जेक्टवरून काढून घेता येतो. म्हणजे टाइप हातानं लिहायचाच नाही. दूध नोंदीची स्कीमा एकदा लिहिली. नव्या नोंदीचा टाइप तिच्यातून. दुरुस्तीची स्कीमा म्हणजे तीच, सभासद क्रमांक वगळून आणि सगळे रकाने ऐच्छिक करून. कोणते कॉलम बदलता येतात याची ती हरवलेली यादी आता दुरुस्तीच्या स्कीमेच्या रकान्यांवरूनच बनते. या सगळ्या स्कीमा एका सामायिक पॅकेजात ठेवल्या. सर्व्हर तिथून घेतो, ब्राउझरही तिथूनच. फॉर्मवरची “फॅट २ ते १२ च्या मध्ये हवी” ही तपासणीसुद्धा तिथलीच चालते.

डेटाबेसच्या दाराशी स्कीमा लावली नाही. हजारो ओळींचा अहवाल गाळत बसणं नको वाटलं. त्याऐवजी ड्रायव्हरलाच एका जागी सांगितलं की न्यूमेरिक आलं की संख्या करून दे. पोस्टग्रेसच्या आतल्या यादीत न्यूमेरिकचा क्रमांक १७०० आहे, तो द्यावा लागतो. पण हे करण्याआधी रकमांचे सगळे कॉलम रुपयांऐवजी पैशांत, म्हणजे पूर्णांकांत, नेले. रुपयांचा दशांश जावास्क्रिप्टच्या संख्येत ठेवून बिलं काढायची आमची तयारी नव्हती. त्यातही एक पाय घसरलाच. पूर्णांकाच्या कॉलमची बेरीज पोस्टग्रेसमध्ये केली की उत्तर ‘बिगइन्ट’ (मोठा पूर्णांक) होतं, आणि बिगइन्ट हा ड्रायव्हर पुन्हा मजकूर म्हणूनच देतो. एक दार बंद केलं तर तोच चोर खिडकीतून. तेही त्याच एका जागी, त्याच फायलीत, खालच्या ओळीवर बंद केलं.

तेवीस हँडलर एका दमात बदलले नाहीत. जो हँडलर काही ना काही कारणानं उघडला जाईल तो बदलायचा, असं ठरवलं. तीन महिन्यांत सतरा झाले.

रिकामी चौकट म्हणजे शून्य

हे वाचून कुणाला वाटेल की स्कीमा आली आणि गंगेत घोडं न्हालं. तसं झालं नाही.

फॉर्ममधून येणारे आकडे मजकूर असतात, म्हणून आम्ही झॉडची ‘कोअर्स’ ही सोय वापरली. मजकूर आला तर ती संख्या करून घेते. आतमध्ये जावास्क्रिप्टचं ‘नंबर’ चालतं, आणि रिकाम्या मजकुराला ‘नंबर’ म्हणतं शून्य. केंद्रचालकानं एसएनएफची चौकट रिकामी ठेवली की सर्व्हरला दिसणार एसएनएफ शून्य. गाईच्या दुधाचा दर आपल्याकडे ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो, त्याखाली गेलं की कपात. शून्य म्हणजे तळाचा दर. आमच्या आधीच्या गचाळ कोडमध्ये निदान “एसएनएफ आलंच नाही” असं ४०० तरी मिळत होतं. नव्या देखण्या कोडनं शेतकऱ्याचे पैसे कापले असते.

हे पकडलं डिग्रीवाल्या मुलीनंच, चाचणी सर्व्हरवर, मुद्दाम रिकामी चौकट पाठवून. आता ती असल्या वाटा शोधतच बसते.

मग कोअर्स सगळीकडून काढलं आणि ‘दशांश’ नावाची स्वतःची छोटी स्कीमा केली. रिकामं आलं तर चूक. दोन टिंबं आली तर चूक. आणि त्यातच एक गोष्ट घालता आली, जी तेवीस हँडलरच्या जमान्यात कधीच जमली नसती. फोनचा कीबोर्ड मराठी ठेवणारे बरेच केंद्रचालक ४.२ असं देवनागरीत लिहितात. जावास्क्रिप्टच्या ‘नंबर’ला देवनागरी आकडे कळत नाहीत. ‘दशांश’मध्ये दहा अक्षरांची अदलाबदल केली आणि सगळ्या फॉर्मांवर मराठी आकडे चालायला लागले. सचिवांनी त्याचं जेवढं कौतुक केलं तेवढं बाकी कशाचंच केलं नाही.

दुसरी चूक डिग्रीचीच. अँड्रॉइडवाल्यांनी रकान्याचं नाव मोठ्या लिपीतल्या अक्षरानं सुरू केलं होतं. झॉडची साधी स्कीमा अनोळखी रकाने बघून ओरडत नाही, काढून टाकते. डिग्री ऐच्छिक. त्यामुळे ॲप म्हणे पाठवली, सर्व्हर म्हणे आली नाही, आणि तीन दिवसांच्या डिग्र्या हवेत गेल्या. आता लिहिण्याच्या सगळ्या स्कीमा कडक आहेत, अनोळखी रकाना दिसला की रिक्वेस्ट परत. याचा काच आहे: ॲपनं आधी एखादा नवा रकाना पाठवायला सुरुवात केली आणि सर्व्हर मागे राहिला, तर नोंदच अडते. आम्ही तो काच पत्करला.

अकरा तारखेचं सकाळचं दूध

या प्रकरणातला मला सगळ्यांत आवडलेला भाग हा, जरी त्यात आमची अब्रू गेली तरी.

बिलं दहा दिवसांची: १ ते १०, ११ ते २०, २१ ते महिनाअखेर. सचिवांचा फोन, “काय हो, अकराचं सकाळचं दूध मागल्या बिलात कसं काय गेलं? आणि तेबी चौघांचंच?”

चौघांचंच, हा धागा. ते चौघं पहाटे पाचला दूध घालणारे होते. आपली वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. पहाटे पाच म्हणजे तिकडे आदल्या दिवसाचे रात्रीचे साडेअकरा. सर्व्हर नोंदीच्या वेळेचा जागतिक मजकूर करून त्याची पहिली दहा अक्षरं ‘दिवस’ म्हणून घेत होता. साडेपाचच्या आत आलेलं प्रत्येक दूध आदल्या दिवसात पडत होतं. एरवी त्यानं काही बिघडत नव्हतं, रक्कम तीच, बिल तेच. फक्त १, ११ आणि २१ तारखेला ते आदल्या बिलात जायचं.

शोधलं तर ‘दिवस काढायची’ ती ओळ सात ठिकाणी सापडली. पाच ठिकाणी कुणीतरी साडेपाच तास मिळवून दुरुस्त केलेली. एका ठिकाणी तशीच कच्ची, तीच बिलाची. आणि एका ठिकाणी साडेपाच तास दोनदा मिळवलेले, बहुधा दोघांनी वेगवेगळ्या दिवशी. तिथे संध्याकाळी साडेसहानंतरचं दूध उद्यात जात होतं.

इथे नुसतं एक फंक्शन करून भागलं नसतं, कारण आठव्या जागी कुणी परत दहा अक्षरं कापली असती, आणि कंपाइलरला दोन्ही मजकूरच. म्हणून ‘दिवस’ला शिक्का मारलेला टाइप केला. आत साधा मजकूरच, पण टाइपस्क्रिप्टच्या लेखी वेगळी जात. तो फक्त एकाच फंक्शनमधून निघतो, आणि ते फंक्शन एशिया/कोलकाता हा वेळपट्टा धरूनच हिशेब करतं. बिलाची, अहवालाची, पावतीची सगळी फंक्शनं आता ‘दिवस’च मागतात. हा बदल करून सेव्ह केलं आणि एडिटरमध्ये चौदा ठिकाणी लाल रेघा उमटल्या. सात आम्हाला माहीत होत्या.

“सर, हे सांगितलं बघा टाइपनं,” ती म्हणाली.

जेसनमध्ये तारीख नावाची चीजच नसते, हेही त्याच वेळी निस्तरलं. सर्व्हरच्या टाइपात ‘डेट’ लिहिलेली, ब्राउझरच्या टाइपातही ‘डेट’, आणि तारेवरून जाणारा माल निव्वळ मजकूर. आता दिवस हा दिवस म्हणून जातो, क्षण हा मजकूर म्हणून जातो आणि टाइपही तेच सांगतो.

जे केलं नाही

दोघातिघांनी विचारलं की मग सरळ टीआरपीसी ही लायब्ररी का नाही. सर्व्हर आणि ब्राउझर दोन्हीकडे टाइपस्क्रिप्ट असेल आणि दोन्ही एकाच घरचे असतील, तर मी आज तेच घेईन. सर्व्हरवरचं फंक्शन ब्राउझरमधून टाइपासकट हाकता येतं, मधला करार लिहावा लागत नाही. आमचा निम्म्याहून जास्त माल कोटलिनच्या ॲपमधून येतो. त्यांना नीट पत्ते आणि नीट जेसनच हवं. म्हणून पत्ते जुनेच ठेवले आणि झॉडच्या स्कीमांवरून त्यांच्यासाठी दस्तऐवज काढून देतो. त्या वेळी त्याला वेगळं पॅकेज लागायचं. २०२५ च्या झॉड ४ मध्ये जेसन स्कीमा काढायची सोय आतच आहे.

बिल कुलूपबंद करणारा हँडलर आम्ही त्या साठ ओळींच्या फंक्शनमध्ये बसवला, पण त्याच्या आतलं काम अजून नव्वद ओळींचं सरळसोट आहे. त्यातल्या काही ओळी बिल उघडण्याच्या हँडलरमध्येही आहेत. दोन्हींतून काढून एक करू का, असं दर दोन महिन्यांनी कुणीतरी विचारतं. मी नाही म्हणतो. पैशाचा कोड वरून खाली एका दमात वाचता यावा.

टेबलाच्या ओळीचा टाइप आणि बाहेर जाणाऱ्या उत्तराचा टाइप आज अक्षरशः सारखे आहेत, तरी वेगळे ठेवलेत. ही पुनरावृत्ती मुद्दाम. कॉलमचं नाव बदललं म्हणून केंद्रांवरचे फोन बंद पडायला नकोत.

आणि भुर्दंड? आहे. चूक झाली की टाइपस्क्रिप्टचा संदेश आता वीतभर लांब येतो, त्यातली शेवटून दुसरी ओळ तेवढी वाचायची असते, हे नव्या माणसाला सांगावं लागतं. एका स्कीमेतून दुसरी, तिच्यातून तिसरी, असं फार काढत गेलं की एडिटर दमतो. दोनापेक्षा जास्त पिढ्या करायच्या नाहीत असा नियम केलाय. तेवीसातले शेवटचे दोन हँडलर अजूनही जुन्या पद्धतीचेच आहेत. त्यांना कुणी उघडतच नाही.

गेल्या महिन्यात नवी मागणी आली. मशीन दुधातल्या पाण्याची टक्केवारीही देतं, ती नोंदवा. मायग्रेशन, स्कीमा आणि फॉर्म, तीन फायली. दुपारच्या जेवणाआधी झालं. मग पावतीवर छापायचं काय यावर घोडं अडलं. आम्ही चौकटीला ‘पाणी’ असं नाव दिलं होतं. सचिव म्हणाले, “असं छापशिला तर केंद्रावर रोज भांडणं.” मग ‘जादा पाणी’, मग ‘पा. टक्के’, मग नुसतंच इंग्रजी आद्याक्षर. आठ दिवस झाले, अजून ठरलेलं नाही.